वळसा

पेव कुठं आहे ते मी सांगितलं नाही.
हे आधी लिहून ठेवतो,
कारण पुढं सगळे म्हणाले की सांगितलं.

लेव्हीचं ते दुसरं साल.
चावडीच्या भिंतीवर गेरूनं चार नावं,
वर मथळा : साठेबाज.
मास्तरांचा ठ चुकला होता, पुसून पुन्हा काढलेला.
पहिलं नाव उकंडराव भोयर.
त्याच्यामागं जी लावल्याशिवाय
तोवर गावात कुणाची जीभ उचलत नसे.

माझा बाप त्यांचा सालदार.
पाडव्याला साल सुटे, पाडव्यालाच पुन्हा लागे.
मधली एक दुपार तो कुणाचाच नसे.
ती तो झोपून काढी.
ज्वारी मोजताना उकंडराव
पायलीच्या आत अंगठा धरीत.
हेही लिहून ठेवतो.

पौषात जीप आली.
मागून आमचीच पोरं,
हुरड्याला निघाल्यासारखी.
कोठ्या पालथ्या झाल्या, गोधड्या उसवल्या,
गव्हाणीत सब्बल खुपसली तर बैल बुजले.
आढ्याला बांधलेली बियाण्याची कणसं
एकानं काठीनं पाडली.
गिरजाबाई म्हणाल्या, एवढी राहू द्या जी, पेरायची हायेत.
पेरायला सरकार देईल, तो म्हणाला,
आणि एक दाणा तोंडात टाकून चावला.

गोदामाचे ढबाले नुसते ओट्यावर बसून होते.
त्यांनी पाणी मागितलं.
मी विहिरीवरून पेला घेऊन निघालो.
आंगणाच्या मधोमध आलो
आणि नेहमीसारखा डावीकडून गेलो.
रांगत होतो तेव्हापासून ऐकलेलं :
थ्या जागी पाय नोको देऊ, खाली पोकळ हाय.

ढबाले पाणी प्यायले. माझे पाय पाहत होते.
त्यांचाही बाप कास्तकारच असावा.
अजून एक पेला आण बाबू,
ते इतक्या मायेनं म्हणाले.
मी गेलो.
मी आलो.
पाण्यानं भरलेला पेला, थेंब न सांडता,
डावीकडून.

मग त्यांनी सब्बल मागवली.

चिप उचलली तसा गरम, आंबूस वास वर आला.
कंदील सोडला, तो विझला.
पुन्हा सोडला.
भोकाभोवती सारं गाव मुकं उभं.
तिसऱ्यांदा जळत राहिला तेव्हा कुणी म्हणालं,
हलकं पोट्टं पाह्यजे,
आणि कमरेला दोर माझ्याच बांधला.
कडेची ज्वारी काळी पडलेली, मधली सोन्यासारखी.
मी टिनाचे डबे भरभरून वर दिले.
बावीस पोती.

ती ट्रकमध्ये रचली,
वर उकंडरावांना बसवलं.
आपल्याच ज्वारीवर बसून ते तालुक्याला गेले.
टोपी हातात होती.
अकरा दिवसांनी पायी आले.
तोवर चक्कीवाल्यानं त्यांचं दळण परत केलं होतं.
न्हावी यायचा थांबला होता,
आणि पोळ्याच्या तोरणात
त्यांच्या जोडीला शेवटची जागा मिळेल
हे पौषातच ठरलं होतं.

चैतात राशन दुकानात ज्वारी आली.
मधून मधून काळे दाणे, तोच वास.
रांगेत माझी माय, तिच्यामागं गिरजाबाई.
त्यांनी चिमूटभर नाकाशी धरली
आणि पिशवी पुढं केली.

नंतर सिलिंग आलं.
त्यांच्या बरडातले दोन एकर बापाच्या नावावर लागले.
सातबारा त्यानं ट्रंकेत ठेवला,
वखर घेऊन जाताना मात्र मरेपर्यंत म्हणायचा :
मालकाच्या वावरात जाऊन येतो.

उकंडरावांनी मला कधी काही विचारलं नाही.
फक्त एकदा, पेव बुजवून चार पावसाळे झाल्यावर,
मी कशाला तरी त्यांच्या आंगणातून चाललो होतो.
ते ओट्यावर अंबाडी सोलत होते.
वर न पाहता म्हणाले,
सरळ चाल ना बे आता.
खाली काई नाई.

मी हो म्हणालो.
पाय डावीकडून गेले.